गुणायचं की मिळवायचं? आकृत्या मोजायला शिकवताना

सहावीच्या वर्गात परिमिती आणि क्षेत्रफळ हे दोन्ही घटक शिकवून झाले, की फळ्यावर एक शाब्दिक उदाहरण लिहायचं आणि थोडं थांबायचं. दोन मिनिटांच्या आत कुणीतरी हात वर करतंच : "बाई, यात गुणायचं की मिळवायचं?"

हा प्रश्न मी इतकी वर्षं ऐकते आहे. सुरुवातीला लगेच उत्तर देऊन टाकायचे. "क्षेत्रफळ विचारलंय ना, मग गुणायचं." उदाहरण सुटायचं, तास पुढे सरकायचा. आणि चाचणीत तेच मूल बागेभोवती लावायच्या तारेसाठी लांबी गुणिले रुंदी करून यायचं. खाली नीट लिहिलेलं असायचं, '९६ चौ.मी. तार लागेल.'

त्या मुलाला पाढे येत होते, सूत्रं पाठ होती. फक्त आपण काय मोजतोय हे त्याच्या डोळ्यांसमोर नव्हतं. उदाहरणात दोन आकडे दिसले, आता त्यांचं काहीतरी करायचं, एवढंच त्याला कळलं होतं. पाचवी ते आठवीच्या भूमितीत मुलं जिथे जिथे अडतात, तिथे मुळाशी हेच सापडतं असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा लेख सूत्रांबद्दल कमी आणि सूत्राच्या आधी काय व्हायला हवं याबद्दल जास्त आहे. शिक्षकांना उपयोगी पडेल, आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनाही.

मोजणं म्हणजे तसं अगदी साधं काम. एक ठरलेला तुकडा घ्यायचा आणि मोजायच्या वस्तूवर तो किती वेळा बसतो ते बघायचं. लांबी मोजताना तो तुकडा रेघेचा असतो, क्षेत्रफळ मोजताना चौरसाचा, घनफळ मोजताना ठोकळ्याचा आणि कोन मोजताना वळणाचा. सूत्र म्हणजे हे तुकडे एकेक करून न मोजता झटकन मोजायची युक्ती. युक्ती आधी हातात दिली आणि तुकडा कधी दाखवलाच नाही, तर मूल विचारणारच, गुणू की मिळवू?

मोडकी पट्टी

पाचवीतल्या मुलाला पट्टी वापरता येते असं आपण धरून चालतो. एकदा तपासून बघा. मोडकी पट्टी कुठल्याही वर्गात मिळते. ३ पासून पुढचा तुकडा घ्या. पेन्सिलीचं एक टोक ३ वर ठेवा, दुसरं ८ वर येऊ द्या. पेन्सिल किती लांब?

बरीच मुलं '८ सेंटिमीटर' म्हणतात. काही जण '६' म्हणतात. ८ म्हणणाऱ्याने शेवटच्या टोकाचा आकडा वाचला. ६ म्हणणाऱ्याने ३, ४, ५, ६, ७, ८ अशा रेघा मोजल्या. त्याने निदान मोजलं तरी, पण रेघा मोजल्या, रेघांमधली जागा नाही. पट्टीवर मोजायची असते ती जागा. अशा वेळी मी मुलांना हाताचा पंजा पसरायला सांगते. बोटं पाच, फटी चार. पट्टीवरच्या रेघा म्हणजे बोटं आणि सेंटिमीटर म्हणजे फटी. हे एकदा बसलं की '१०० मीटर रस्त्यावर दर १० मीटरवर एक झाड, तर दोन्ही टोकं धरून झाडं किती' यात १० ऐवजी ११ का, तेही आपोआप कळतं.

याहून चांगला उपाय म्हणजे पट्टी मुलांनाच बनवू देणं. जाड पुठ्ठ्याची एक लांब पट्टी घ्यायची आणि तिच्यावर लाल, पांढरा, लाल, पांढरा असे एकेक सेंटिमीटरचे कागद चिकटवत जायचे. आकडे लिहायचे नाहीत. आठवडाभर याच पट्टीने वही, डबा, बाकाची कड मोजायची आणि तुकडे मोजून उत्तर सांगायचं. मग दर वेळी एकपासून मोजायचा मुलांना कंटाळा येतो आणि ती स्वतःच म्हणतात, आकडे लिहू या का? मी विचारते, १ कुठे लिहायचा? तुकड्याच्या सुरुवातीला, मध्ये की शेवटी? यावर वर्गात चांगला वाद होतो. 'इथपर्यंत एक तुकडा झाला' म्हणून १ हा तुकड्याच्या शेवटी, हे मुलं स्वतः ठरवतात, आणि मग शून्याची जागा कुठे हे सांगावं लागत नाही. कंपासपेटीतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ती कोरी जागा धरून मोजणारं मूल यानंतर मला क्वचितच दिसलं.

कोनमापकाचं दुखणं थोडं वेगळं आहे, पण लवकर बरं होतं. त्यावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक डावीकडून वाढणारी, एक उजवीकडून. मूल चुकीची रांग वाचतं आणि ५० अंशांच्या कोनाला १३० लिहितं. नियम सांगत बसू नका. वहीच्या कागदाचा कोपरा कोनावर ठेवायला सांगा. कोन कोपऱ्याच्या आत मावला तर लघुकोन, बाहेर गेला तर विशालकोन. आधी हे तोंडाने बोलायचं, मगच कोनमापक उचलायचं. लघुकोन आहे असं स्वतःच म्हटलेलं मूल त्याच्यापुढे १३० लिहायला धजत नाही.

कोनाच्या भुजा लांब काढल्या की कोन मोठा होतो, हाही एक पक्का समज असतो. त्यावर माझ्याकडे वर्गाचं दार आहे. दार थोडं उघडते आणि विचारते, बिजागरीजवळ दार कमी उघडलंय आणि कडेला जास्त उघडलंय का? दार एकच आहे, ते एकदाच वळलंय. कोन म्हणजे ते वळण, भुजांची लांबी नव्हे.

कुंपण की फरशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'गुणू की मिळवू' असं मुलाने विचारलं की मी उलट विचारते, "कुंपण घालायचंय की फरशी बसवायचीय?" एवढ्यावर निम्मी मुलं गप्प होऊन उदाहरण पुन्हा वाचतात आणि स्वतः सुटतात.

पण हा प्रश्न चालायला फरशी आधी डोळ्यांनी पाहिलेली हवी. आमच्या वर्गात जुनी शहाबादी फरशी आहे. खडूने तिच्यावर एक आयत आखायचा, लांबीत सहा फरश्या, रुंदीत चार. आत किती फरश्या? मुलं एकेक करून मोजतात, २४. कुणीतरी म्हणतं, एका रांगेत सहा आहेत, अशा चार रांगा. गुणाकार इथे जन्माला येतो. लांबी गुणिले रुंदी म्हणजे एका रांगेतली घरं गुणिले रांगा. मग त्याच आयताच्या कडेवरून एका मुलाला चालायला सांगायचं आणि किती फरश्यांच्या कडा तुडवल्या ते मोजायचं. सहा, चार, सहा, चार. वीस. एकच आकृती, दोन प्रश्न, दोन वेगळ्या प्रकारची उत्तरं. 'चौ.' हे अक्षर एककाच्या आधी का लावायचं, हेही इथेच सांगावं. फरश्यांची संख्या आहे म्हणून.

पुढचा समज जास्त खोल असतो. परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं, असं मुलांना मनापासून वाटतं. मोठ्यांनाही वाटतं. यासाठी मी गुंठा वापरते. हा शब्द मुलांच्या कानावर असतोच, घरात नाही तर जमिनीच्या जाहिरातींच्या फलकावर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता मुलांना सांगायचं, आणखी एक प्लॉट आहे, ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब. त्याचं क्षेत्रफळ काढा. १,०८९. म्हणजे तोही बरोबर एक गुंठा. मग दोघांना तारेचं कुंपण घाला. पहिल्याला १३२ फूट तार लागते, दुसऱ्याला २२० फूट. जमीन तेवढीच, तार ८८ फूट जास्त. वर्गात एकदम बोलणी सुरू होतात. शेतकऱ्याच्या घरातली मुलं सांगतात की चिंचोळ्या पट्टीत औत वळवायला त्रास होतो. कुणी म्हणतं ११ फुटांत घर कसं बांधणार. हे सगळं बोलू द्यावं, ते गणितच आहे.

उलट बाजूनेही करून घ्यायचं. २० काड्या द्यायच्या आणि सगळ्या वापरून आयत करायला सांगायचे. ९ बाय १, ८ बाय २, ७ बाय ३, ६ बाय ४, ५ बाय ५. कुंपण प्रत्येक वेळी २०. आतलं क्षेत्रफळ ९, १६, २१, २४, २५. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून मी काही बोलत नाही. वाढ ७, ५, ३, १ अशी कमी होत जाते हे दर वर्षी एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या लक्षात येतंच, आणि चौरसाला येऊन ती का थांबते हा प्रश्न वर्गात कित्येक दिवस फिरत राहतो.

एककांचं रूपांतर हा याच घराचा दुसरा दरवाजा. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, तर एक चौरस मीटर म्हणजे किती चौरस सेंटिमीटर? उत्तर येतं १००. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून एक मीटर बाय एक मीटरचा कागद करा आणि जमिनीवर अंथरा. शेजारी एक चौरस सेंटिमीटरचा इवलासा तुकडा ठेवा. असे १०० तुकडे हा कागद झाकतील का? आता कुणी हो म्हणत नाही. एका रांगेत १००, अशा १०० रांगा, १०,०००. इथून पुढे सातबाऱ्यापर्यंत सरळ जाता येतं. १० मीटर बाय १० मीटर म्हणजे एक आर, असे १०० आर म्हणजे एक हेक्टर. सातबाऱ्यावर ०.४० हेक्टर लिहिलं असेल तर ते ४० आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर, एकराला थोडं कमी. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे (गुंठा साधारण १०१ चौरस मीटर), म्हणून बोलताना लोक एकासाठी दुसरा वापरतात. एक मात्र सांगते. सातबारा घरून आणायला सांगू नका. वर्गात जमीन नसलेल्या घरांतली मुलं असतात. नमुन्याचा कागद शिक्षकाने स्वतः न्यावा.

तिरकी चौकट

आयत आणि चौरसापर्यंत बहुतेक मुलं येतात. गाडी रुतते ती समांतरभुज चौकोनात आणि त्रिकोणात, आणि रुततं ते चाक एकच, उंची.

यासाठी लागतात खराट्याच्या चार काड्या, प्रत्येकी १२ सेंटिमीटर, आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बारीक तुकडे. काड्या आणि व्हॉल्व्हट्यूब जोडून आकृत्या करण्याची ही कल्पना अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या शाळांत पोचवली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षं अशीच टाकाऊतून खेळणी केली. त्यांच्या मूळ प्रयोगात काडेपेटीच्या काड्या असतात, मी मोजायला सोपं जावं म्हणून लांब काड्या घेते.

चार काड्यांची चौकट आलेखाच्या कागदावर ठेवा. चौरस उभा आहे, आत १४४ चौरस सेंटिमीटर. आता वरची बाजू धरून हळूच सरकवा. चौकट तिरकी होते. काड्या त्याच आहेत, परिमिती ४८ ची ४८. पण वरची काडी खालीखाली येते. ती ९ सेंटिमीटर उंचीवर आली तेव्हा थांबा आणि आतली घरं मोजायला लावा, अर्धी अर्धी जुळवून. १०८ येतात. ६ सेंटिमीटर उंचीवर ७२. आणखी लोटलं की चौकट आडवी पडते, काड्या एकमेकींना चिकटतात, आत काहीच उरत नाही. बाजू गुणिले बाजू करणारं मूल अजूनही १४४ म्हणत असेल, तर त्याला ती आडवी पडलेली चौकट हातात द्यावी. शब्द लागत नाहीत.

तिरकी बाजू म्हणजे उंची नव्हे, हे वाक्य मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहायचे. चौकट सरकवल्यापासून लिहावं लागलेलं नाही. माणसाची उंची मोजताना त्याला भिंतीला टेकवून सरळ उभं करतात, वाकलेल्या माणसाच्या पाठीवरून टेप फिरवत नाहीत, असं मुलंच एकमेकांना सांगतात.

त्रिकोण यातूनच निघतो. समांतरभुज चौकोन कागदाचा कापा आणि कर्णावर पुन्हा कापा. दोन त्रिकोण, एकावर एक ठेवले की तंतोतंत सारखे. म्हणून पाया गुणिले उंचीचं निम्मं. इथवर ठीक. पण पाया म्हणजे खालची बाजू, असा समज पुस्तकातल्या चित्रांनी घट्ट केलेला असतो, कारण चित्रात पाया नेहमी खाली आडवाच असतो. त्यासाठी १३, १४ आणि १५ सेंटिमीटर बाजूंचा एक त्रिकोण पुठ्ठ्याचा कापून द्या. आधी १४ ची बाजू खाली ठेवून उंची मोजा, ती १२ येते. क्षेत्रफळ ८४. आता त्रिकोण फिरवा, १५ ची बाजू खाली. उंची ११.२. पुन्हा ८४. १३ ची बाजू खाली ठेवली तर उंची १३ ला जराशी कमी, आणि उत्तर पुन्हा ८४ च्या आसपास. मुलांच्या मोजण्यात एखाददुसऱ्या मिलिमीटरचा फरक पडतो, ८३ किंवा ८५ येतं, तेही तसंच लिहून ठेवायला सांगावं. पुठ्ठा फिरवल्याने तो लहानमोठा होत नाही. पाया म्हणजे आपण निवडलेली बाजू, आणि उंची म्हणजे त्या बाजूपासून समोरच्या टोकापर्यंतचं काटकोनातलं अंतर. विशालकोन त्रिकोणात ती उंची आकृतीच्या बाहेर पडते, तेव्हा पायाची रेघ खडूने पुढे वाढवून गुण्या लावायचा.

हा त्रिकोण मी मुद्दाम निवडते. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमाराच्या ग्रंथात, हाच त्रिकोण उदाहरणात आहे. पाया मनूंइतका म्हणजे १४, भुजा १३ आणि तिथींइतकी म्हणजे १५. लंब किती ते लवकर सांग, असं विचारलंय, आणि क्षेत्रफळ विचारताना जो शब्द वापरलाय तो मला फार मोलाचा वाटतो, समकोष्ठमिती. सारख्या कोठ्यांचं माप. सारखी घरं किती, त्याला फळ म्हणतात. आलेखाच्या कागदावर घरं मोजणारी आपली मुलं नेमकं तेच करत असतात. चाळीसगावजवळ पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या शाळांनी सहल तिकडे न्यावी असं मला फार वाटतं.

आता हीच तिरकी चौकट शेतात नेऊ. चार बांधांच्या वेड्यावाकड्या शेताचं क्षेत्रफळ काढायची एक तोंडी रीत मी ऐकलेली आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. रीत जुनी आहे. गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ती नोंदवली, पण या उत्तराला त्याने स्वच्छ 'स्थूल' म्हटलं. का, ते मैदानावर दाखवता येतं. चार मुलं चार कोपऱ्यांवर उभी करा, मध्ये १० मीटरची सुतळी चारही बाजूंनी. रीतीप्रमाणे उत्तर १०० चौरस मीटर. आता समोरासमोरच्या दोन मुलांना जवळ यायला सांगा, त्यांच्यातलं अंतर १२ मीटर होईपर्यंत. उरलेल्या दोघांतलं अंतर मोजा, १६ मीटर येतं. कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं, ९६. ती दोघं आणखी जवळ आली, १० मीटरवर, तर क्षेत्रफळ साडेशहाऐंशीच्या आसपास येतं. बाजूंची रीत मात्र १०० च म्हणत राहते. ही रीत कधीच कमी सांगत नाही. चारही कोपरे काटकोनात नसतील तर ती जास्तच सांगते, म्हणजे विकत घेणाऱ्याचं नुकसान. त्यावर उपाय मुलांच्या हातात आहे. एक कर्ण मोजा, शेताचे दोन त्रिकोण करा, दोन्हींची उंची मोजा. आठवीतल्या मुलीने सुट्टीत घरच्या शेताचं क्षेत्रफळ असं काढून वडिलांना दाखवावं, यापेक्षा मोठी परीक्षा कुठली?

बांगडी आणि सुतळी

वर्तुळात तुकडा बसवणं अवघड, कारण कडा वाकडी. म्हणून दोरा. बांगडी, ताटली, डब्याचं झाकण, सायकलचं चाक, जे मिळेल ते. दोरा गुंडाळून परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा, भागाकार करायचा. फळ्यावर उत्तरांची रांग लागते, ३.१, ३.२, ३.१५, कधी ३.०८. बांगडी केवढीशी आणि चाक केवढं, तरी सगळी तीनच्या थोडी पुढे. हा क्षण घाईने संपवू नका. पाय (π), म्हणजे परीघ भागिले व्यास, शिकवायचा तो इथे, २२/७ लिहून नव्हे.

आणि २२/७ हा पाय नव्हे, त्याच्या जवळचा अपूर्णांक आहे, हे सातवीतच सांगून टाकावं. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्यालाही 'आसन्न' म्हटलं, जवळपासचा. लीलावतीत दोन किमती शेजारीशेजारी आहेत. ३९२७/१२५० ही सूक्ष्म आणि २२/७ ही स्थूल, पण व्यवहाराला योग्य. केवढी स्थूल? एक मीटर व्यासाच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना साधारण सव्वा मिलिमीटरचा फरक. मुलांना हे फार आवडतं, कारण बरोबर-चूक याच्या मध्ये 'कामापुरतं बरोबर' अशी एक जागा आहे हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी सुतळीची गोल बैठक करा. मधून सुरुवात करून सुतळी गोल गोल गुंडाळत जायची, खाली चिकटपट्टी. बैठक झाली की कडेपासून मधोमधपर्यंत, म्हणजे एका त्रिज्येवर, कात्रीने कापा आणि सुतळ्या सरळ करून एकाखाली एक मांडा. सगळ्यात बाहेरची सुतळी परिघाएवढी, तिच्यावर थोडी आखूड, त्यावर आणखी आखूड, सगळ्यात वर मधला इवला तुकडा. त्रिकोण तयार होतो! पाया परिघाएवढा, उंची त्रिज्येएवढी. त्रिकोणाचं क्षेत्रफळ मुलांना येतंच. परीघ गुणिले त्रिज्या, त्याचं निम्मं. भास्कराचार्यांनीही असंच म्हटलंय, परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. परिघाच्या जागी २ × पाय × त्रिज्या घातलं की पुस्तकातलं सूत्र येतं. सूत्र आता पाठ करावं लागत नाही असं मी म्हणणार नाही, पण विसरलं तर परत कुठून आणायचं हे मुलाला माहीत असतं.

पाऊस मिलिमीटरमध्ये का?

घनफळाबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे ठोकळे रचून बहुतेक शाळा चांगलं शिकवतात. एकच प्रयोग सुचवते. झेरॉक्सच्या आकाराचे, म्हणजे २१ बाय २९.७ सेंटिमीटरचे दोन कागद घ्या. एकाची उभी नळी करा, दुसऱ्याची आडवी. एक उंच आणि बारीक, एक बुटकी आणि जाड. कागद तेवढाच, मग चुरमुरे सारखेच मावतील? भरून बघा. बुटक्या नळीत साधारण १,४७४ घनसेंटिमीटर मावतं, उंच नळीत १,०४२. दीड पटीला थोडं कमी. गुंठ्याच्या कुंपणाचीच ही गोष्ट, एक पायरी वर चढलेली.

मागच्या जुलैत सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, पाऊस म्हणजे पाणी ना? मग लिटरमध्ये का नाही सांगत? आज ४० मिलिमीटर पाऊस पडला म्हणतात. मिलिमीटर तर पट्टीवर असतात." लांबी, क्षेत्रफळ, घनफळ तिन्ही एका प्रश्नात आले होते. आम्ही मैदानावर सरळ उभ्या भिंतींचे दोन डबे ठेवले, एक रुंद, एक अरुंद. दुसऱ्या दिवशी दोन्हींत पट्टी उभी बुडवली. पाणी रुंद डब्यात पुष्कळ होतं, अरुंद डब्यात थोडं. उंची मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखी, ३१ आणि ३२ मिलिमीटर. रुंद डब्याने जास्त जागेवरचा पाऊस घेतला आणि जास्त जागेवर पसरवला. लिटर डब्याप्रमाणे बदलतात, मिलिमीटर बदलत नाहीत.

मग हिशेब केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० × १०० × ०.१, एक हजार घनसेंटिमीटर, बरोबर एक लिटर. शाळेचं पत्र्याचं छप्पर मुलांनी जमिनीवरून पावलांनी मोजलं आणि पावलांचे मीटर केले. २० मीटर बाय ६ मीटर, १२० चौरस मीटर. त्या एका रात्रीत छपरावर ३,६०० लिटरच्या वर पाणी पडून गेलं होतं. वीस लिटरच्या १८० बादल्या. मार्चपासून टँकरची वाट बघणारं आमचं गाव. तो आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग एकदम शांत झाला.

तास संपताना तीच मुलगी पुन्हा आली. "डबा वर रुंद आणि खाली निमुळता असेल तर, चहाच्या ग्लाससारखा?"

मी उत्तर सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ढग भरून आले होते. दोन्ही डब्यांच्या शेजारी तिने एक ग्लास आणून ठेवला आणि वाऱ्याने पडू नये म्हणून त्याच्याभोवती चार दगड रचले.